चौऱ्याहत्तर चिंचोके

धुरपता गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या हातात त्रेचाळीस पानं होती. हे मला पक्कं आठवतं. त्या दिवसाचं बाकी काही नीट आठवत नाही.

मे महिना होता, तेंदूपानांचा हंगाम. पहाटे जंगलातून आणलेली पानं ओसरीत पसरून मी पुडे बांधत होतो. एका पुड्यात सत्तर पानं लागतात. पस्तीस एकीकडे, पस्तीस दुसरीकडे, दोन्ही थप्प्या पोटाला पोट लावून ठेवायच्या आणि पळसाच्या मुळीच्या दोरीनं आवळायच्या. मग संध्याकाळी फळीवर न्यायचे. फळी म्हणजे तलावाच्या पाळीजवळची मोकळी जागा, तिथे ठेकेदाराचा मुंशी पुडे मोजून घेतो आणि उन्हात मांडतो. एकोणसत्तर पानं निघाली तर तो पुडा परत फेकतो. एकाहत्तर निघाली तर काही बोलत नाही, आपलंच पान जातं.

मी मोजून बांधतो, त्यामुळे मला वेळ लागतो. धुरपता मोजत नसे. तिचा हात पस्तीसवर आपोआप थांबायचा. चाळीस वर्षांत तिचा एकही पुडा परत आला नाही. त्या वर्षी ती नव्हती, घुग्घुसला अंकुशकडे गेली होती. अंकुश आमचा मुलगा, तिकडे सिमेंटच्या कारखान्यात ठेकेदाराकडे आहे. सून बाळंत झाली होती म्हणून धुरपता दोन महिन्यांसाठी गेली.

आमच्या गावात फोन फक्त फळीवर लागतो. म्हणून अंकुशचा फोन मुंशीला आला आणि मुंशी गाडी घेऊन माझ्या ओसरीत आला. तो चप्पल काढून बसला तेव्हाच मला समजायला हवं होतं. तो कधी बसत नाही.

तो म्हणाला, "बुधूभाऊ, घुग्घुसवरून फोन होता. बाई गेल्या. जेवून बसल्या होत्या, बसल्या बसल्याच."

मी म्हणालो, "थांब, गिनती चुकन."

तो थांबला. मी पानं मोजली, त्रेचाळीस होती. तेवढ्यांचाच पुडा आवळला, गाठ मारली, उठून माळ्यावर ठेवला. मग विचारलं, कोणती बाई. हे मी का केलं ते मला अजून कळलेलं नाही. मुंशीनं नंतर गावात सांगितलं की बुधूला धक्का बसला होता. बसला असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंकुश तिला गाडीतून घेऊन आला. माती दिली. लोक आले, जेवले, गेले. जायच्या आदल्या दिवशी अंकुशनं खिशातून कागदाची पुडी काढून माझ्या हातावर ठेवली. मायच्या पदराला गाठ होती, तिच्यात हे होतं म्हणाला. पुडीत चार चिंचोके होते.

मी म्हणालो, नातवाला खेळायला घेतले असतील. अंकुश म्हणाला, पोरगा पंधरा दिवसांचा होता बाबा.

पावसाच्या आधी घर शाकारायला काढलं तेव्हा तिची दुरडी खाली उतरवली. तिच्यात एक फणी होती, एक आरसा, जुन्या बांगड्या, आणि खाली सात पोटल्या. वेगवेगळ्या रंगांच्या कापडाच्या, लहान-मोठ्या, प्रत्येकीचं तोंड दोऱ्यानं बांधलेलं. सगळ्यात मोठी सोडली तर चिंचोके निघाले. मोजले, पस्तीस. अर्धा पुडा, एवढं कळलं. दुसरीत चौदा होते. तिसरीत दहा. मग सात, मग पाच. सहावीत दोन. सातवीत एकच होता. एका चिंचोक्यासाठी कोणी पोटली बांधतं का?

सगळे एकत्र केले आणि मोजले. चौऱ्याहत्तर. मला वाटलं चुकलो. परत मोजले. मग हातपाय धुऊन परत मोजले. चौऱ्याहत्तरच.

पोटल्या सात आहेत हे माझ्या डोक्यात त्यानंतर आलं, आणि आलं ते गेलं नाही.

आम्हा गोंडांत प्रत्येक घराण्याचे देव मोजलेले असतात. मी सहा देवांचा. धुरपताचं माहेर सात देवांचं. सहाची मुलगी सहात देत नाहीत, म्हणून सहा आणि सात यांच्यात सोयरीक होते. लग्न झालं की बाई नवऱ्याच्या देवांची होते. मेल्यावरही तिला नवऱ्याच्याच देवांत मिळवतात. ते कार्य झालं नाही तोवर ती कुठलीच नाही. धुरपताचं ते कार्य अजून व्हायचं होतं.

आणि ती मागे सात पोटल्या ठेवून गेली होती, सहा नाही. मला लपवून, बांगड्यांच्या खाली. चाळीस वर्षं माझ्या घरात राहून हिनं माहेरच्या सात देवांना काही नवस बोलला होता का? बोलली असेल तर कशासाठी? आणि मला का नाही सांगितलं?

झिंगू आमचा भूमक. गावाची पूजा त्याच्याकडे असते. तो माझ्याच वयाचा, आम्ही आश्रमशाळेत एकत्र होतो, तो चौथीत पळाला, मी सातवीत. मी पोटल्या त्याच्यापुढे ठेवल्या. त्यानं एकेक हातात घेऊन वजन केल्यासारखं केलं.

"चौऱ्याहत्तर कोंबड्या बोलली असन तं तुयं कठीण हाये, बुधू."

मी हसलो नाही. मग त्यानं नीट सांगितलं. नवस बोललेला असेल आणि फेडायचा राहिला असेल, तर तो आधी फेडावा लागेल. त्याशिवाय तिला आपल्या सहांत मिळवलं तर ती अर्धी इकडे आणि अर्धी तिकडे राहील. मी विचारलं, नवस नसेलच तर? तो म्हणाला, नसेल तर आज मिळवू. पण नाही हे पक्कं पाहिजे. मी विचारलं, पक्कं कोण सांगेल? तो म्हणाला, ज्यांचे सात देव आहेत त्यांनाच विचार.

अंकुशला फोनवर सांगितलं तेव्हा तो वैतागला. मायला रिकामपणी मोजायची सवय होती, त्यात काही नाही, दिवाळीत मला चार दिवस सुट्टी आहे, तेव्हा कार्य करून टाकू म्हणाला. मी हो म्हणालो. फोन ठेवल्यावर मला वाटलं, मी हो कसा म्हणालो?

रोवणा, म्हणजे धानाची लावणी, आटोपला आणि मी जिवतीला धुरपताच्या माहेरी गेलो. बस बदलत बदलत सगळा दिवस गेला. पोटल्या मांडीवर पिशवीत होत्या. जंगू धुरपताचा धाकटा भाऊ. डोंगरावर त्याची कापूस आणि ज्वारीची जमीन आहे, दगडच जास्त. आम्ही गोंडीत बोललो, पण इथे मी मराठीत लिहितो आहे.

आधी त्यानं मला पाणी दिलं, जेवायला घातलं, बहिणीसाठी रडला. मग मी पोटल्या काढल्या आणि विचारलं. त्यानं पोटल्यांना हात लावला नाही.

"चाळीस वर्स तुमच्या घरी होती भाटवे, आन् तिच्या मनात का होतं ते मले इचारून राह्यले?"

तो पुढे म्हणाला की त्यांचे सात देव चिंचोके घेत नाहीत. तिनं काही बोललं असतं तर भाऊ म्हणून त्याला सांगावंच लागलं असतं, कारण नवस फेडताना माहेरचा माणूस लागतो. ती दरवर्षी यायची तेव्हा देवाच्या जागी पाहुणीसारखी मागे उभी राहायची. लोक पुढे ये म्हणायचे तर म्हणायची, मी आता सहाची.

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण मग या पोटल्या कशाच्या?

जंगूनं त्यातली एक उचलून उजेडात धरली. कापड चकचकीत होतं, जांभळं. "हे तुमच्या घरचं कापड हाये का? असं पोलकं तं अक्कानं जन्मात नाई घातलं."

मी पाहिलं. सातही तुकडे वेगळे होते आणि एकाही रंगाचं कापड आमच्या घरात कधी आलं नव्हतं. कडेला कात्रीची सरळ रेघ होती. दोन महिने मी ते कापड हातात घेत होतो आणि फक्त आतलं मोजत होतो.

निघताना जंगूला एक आठवलं. मागच्या वर्षी आली तेव्हा तिनं त्याच्यापुढे असेच चिंचोके मांडले होते, पण खुले, छोट्या ढिगांत. म्हणाली होती, ढीग फोडायचा नाही, अख्खे ढीग उचलून मला बरोबर सत्तर करून दे. त्यानं थोडा वेळ प्रयत्न केला आणि बैल सुटले म्हणून उठून गेला. "बैल नसते सुटले तं जमलं असतं," तो म्हणाला.

चामोर्शीच्या बाजारात धुरपता वर्षानुवर्षं एकाच जागी बसायची. वास्ते म्हणजे बांबूचे कोंब, चारोळी, मोहफुलं, जे असेल ते घेऊन. ती जागा बाबूभाई शिंप्याच्या दुकानासमोर होती. पुढच्या बाजाराच्या दिवशी मी तिथे गेलो. बाबूभाई मशीनवर होते. मी जांभळी पोटली त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा वर केला.

"अरे, हे तर माझंच कतरन आहे. धुरपताबाई घेऊन जायची. म्हणायची, भाऊ, छोटे छोटे द्या, हिशेबाला लागतात." मग माझ्याकडे बघून त्यांनी मशीनवरचा हात काढला. "तुम्ही बुधूभाऊ का? आम्ही बाईंची वाट बघितली. पावसात नाही येत म्हटलं."

ती गेल्याचं मी सांगितलं. ते उठून आत गेले. त्यांच्याऐवजी त्यांची मुलगी आयशा आली. ती तिथल्याच शाळेत गणित शिकवते. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तिनं आधी मला चहा दिला.

मी विचारलं, बाई, हा नवस आहे का?

तिला प्रश्न कळला नाही. मग मी सहा आणि सात देवांचं सांगितलं, झिंगूचं सांगितलं. ती म्हणाली, नाही काका, नवस नाही. हा पुडा आहे.

मग तिनं सांगितलं ते मी तेव्हा नीट समजलो नाही. घरी येऊन परत परत मांडून पाहिल्यावर जेवढं समजलं तेवढं लिहितो.

धुरपतानं एकदा तिला विचारलं होतं, सत्तर पानं सारख्या ओळींत किती तऱ्हांनी मांडता येतात? एक पानही उरलं नाही पाहिजे. पस्तीस-पस्तीसच्या दोन ओळी होतात. चौदाच्या पाच होतात. दहाच्या सात, सातच्या दहा, पाचच्या चौदा, दोनच्या पस्तीस. आणि एकेक पानाच्या सत्तर. सगळी सत्तर एकाच ओळीत, हे धरायचं नाही. दुसरी कोणतीच ओळ जमत नाही, तीनची नाही, चारची नाही, सहाची नाही. म्हणून पस्तीस, चौदा, दहा, सात, पाच, दोन, एक. प्रत्येक ओळीची एक पोटली. पोटल्या सात निघाल्या, ते सत्तरनं ठरवलं, देवांनी नाही.

"आणि सगळ्यांची बेरीज?" आयशाबाईंनी विचारलं.

"चौऱ्याहत्तर."

"म्हणजे चार जास्त."

मला पदरातले चार आठवले.

बाईंनी वडिलांच्या डब्यातल्या शर्टाच्या गुंड्या काढल्या आणि बाराचं करून दाखवलं. बाराच्या सारख्या ओळी एक, दोन, तीन, चार आणि सहाच्या होतात. त्यांची बेरीज सोळा. तिथेही चार जास्त. पण तिथे चारचा ढीग आहे, तो उचलला की बरोबर बारा राहतात. बाई म्हणाल्या, ज्या आकड्याचे तुकडे त्याच्यापेक्षा जास्त भरतात, तो आकडा बहुतेक असा समजूतदार असतो. काही ढीग उचलले की बरोबर बसतो.

"आता सत्तरमधून चार काढा. पोटली सोडायची नाही."

चारची पोटली नव्हती. मी एकची आणि दोनची काढली, तीन झाले. उरले एकाहत्तर. त्या परत ठेवल्या आणि पाचची काढली. उरले एकोणसत्तर. मी इकडून तिकडून बरंच केलं. एकोणसत्तर नाहीतर एकाहत्तर. सत्तर कुठेच नाही.

"बाई, हे तं मुंशीसारखं झालं," मी म्हणालो.

"धुरपताबाईही हेच म्हणाल्या होत्या."

बाईंनी सांगितलं की मोठ्या गणितात अशा आकड्याला विचित्र संख्या म्हणतात. तुकडे गरजेपेक्षा जास्त, पण कसेही निवडले तरी तो आकडा होत नाही. आणि सत्तर हा अशांतला पहिला. त्याच्याआधी एकही नाही. धुरपताला हे सांगितलं तेव्हा तिचा विश्वास बसला नाही. मग ती बारापासून प्रत्येक आकडा स्वतः मांडून आली, दोन पावसाळे त्यात गेले. एकोणसत्तरपर्यंत जाऊन आली आणि बाईंना म्हणाली, तुमचं पुस्तक खरं बोलते. नंतर तिनं विचारलं, मग सरकारनं पुड्यासाठी हाच आकडा काऊन निवडला? बाईंना ते सांगता आलं नाही. बाबूभाईंना नाही, मुंशीला नाही. मलाही नाही.

मी विचारलं, माझ्याबद्दल, घराबद्दल काही बोलायची का? हे विचारायला मला लाज वाटली, पण मी त्याचसाठी आलो होतो.

बाई थोडं आठवून म्हणाल्या, एकदा सहाचं करताना फार हसल्या होत्या. सहाचे ढीग एक, दोन आणि तीन. बेरीज बरोबर सहा. जास्त नाही, कमी नाही. आणि सातचा एकच ढीग होतो, एकचा, सात वाटलाच जात नाही. "त्या म्हणाल्या, आमच्या घरचा आकडा बरोब्बर हाये, माया मायच्या घरचा कोणाले काई देत नाई. तेव्हा मला कळलं नव्हतं त्या देवांबद्दल बोलतात."

हे मला घरी कधीच का सांगितलं नाही? मी विचारलं नाही म्हणून असेल. ती ओसरीत चिंचोके मांडून बसायची ते मी पाहिलं होतं. मला वाटायचं, वाळवते आहे.

बाईंकडे एक वही होती. धुरपताला लिहिता येत नव्हतं, म्हणून दर बाजाराला ती सांगायची आणि बाई खूण करायच्या. सत्तर सापडल्यावर तिनं विचारलं होतं, असा दुसरा कोणता? बाई सांगायला लागल्या तर तिनं हात वर केला. सांगू नका, मी शोधते. त्या वहीत बहात्तर, अठ्ठ्याहत्तर, ऐंशी, चौऱ्याऐंशी असे आकडे होते, प्रत्येकापुढे बरोबरची खूण. म्हणजे तो समजूतदार निघाला, विचित्र नाही. शेवटची खूण एकशे चारपुढे होती. त्याखाली पान कोरं होतं.

मी पदरातल्या चार चिंचोक्यांचं विचारलं. बाई म्हणाल्या, सत्तरचे जास्तीचे चार असतील, जे काढता येत नव्हते. पण पोटल्या घरी ठेवून फक्त चार घुग्घुसला का नेले, ते त्यांनाही सांगता आलं नाही. सुनेला कोडं घातलं असेल का? सुनेला मी फोनवर विचारलं. ती म्हणाली, नाही बाबा, माय नुसती बाळाकडे बघत बसायची.

बाईंनी पुढचा आकडा सांगू का विचारलं. फार लांब आहे, शंभर-दोनशेत नाही, एवढं त्या बोलून गेल्या. मी म्हणालो नको. का नको म्हणालो ते कळायला मला गावापर्यंत यावं लागलं, आणि आल्यावरही पूर्ण कळलं नाही.

झिंगूला सगळं सांगितलं. गुंड्या नव्हत्या, म्हणून खड्यांनी बारा करून दाखवला. त्याला तो खेळ आवडला. मग सत्तरवर तो अडला, पाच-सहा वेळा मांडून त्यानं खडे ढकलून दिले.

"म्हंजे नवस नाई," तो म्हणाला. "चांगलं हाये. अंकुशले सांग, दिवाळीत मिळवू."

मी तेव्हा गप्प राहायला हवं होतं. पण वहीचं मी त्याला सांगून बसलो. धुरपता बाईंना शेवटच्या बाजारात म्हणाली होती, दुसरा भेटल्याबिगर मी नाई सोडत. आयशाबाईंनी ते मला जसंच्या तसं सांगितलं होतं.

झिंगू थांबला. त्यानं तंबाखू काढली, मळली, पण तोंडात टाकली नाही.

"असं बोलली?"

"हो."

"देवापुढं?"

"शिंप्याच्या दुकानात."

तो विचारात पडला. बोललेलं पुरं झालं नाही तर ते नवसासारखंच, असं एक त्याचं मत. पण ती देवाला बोलली नव्हती, आकड्याला बोलली होती, आणि आकडा काही मागत नाही, हे दुसरं. दोन्ही मतं त्याचीच होती आणि दोन्ही त्यानं मला पटवून दिली. त्याच्या बापानं असं काही शिकवलं नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "बुधू, हे मले नाई समजत. तूच सांग. तू म्हणशील त्या दिवशी मी येतो."

मला जर समजत असतं तर मी जिवतीपर्यंत गेलो असतो का?

अंकुश दिवाळीत आला. बायको-मुलाला घेऊन आला, चार दिवस राहिला. मी त्याला म्हणालो, यंदा नको. त्यानं विचारलं, मग कधी? मी म्हणालो, मोजून झाल्यावर. त्या दिवशी ओसरीत मुंशीनं पाहिलं होतं तसा तो माझ्याकडे बघत राहिला. मग चिडून म्हणाला, आकडा मोबाइलवर एका मिनिटात निघेल, काढू का? त्यानं मोबाइल हातात घेतलाही. आमच्या घरात तो लागत नाही. फळीवर जाऊन बघतो म्हणाला, आणि उठला. मी त्याचा हात धरला. मी त्याला लहानपणीसुद्धा कधी असं धरलं नव्हतं. तो परत बसला.

"बाबा, मायले कुठी ठेवून राह्यले तुमी? ना घरी, ना देवात."

तो बरोबर बोलत होता. आकडा कळला म्हणजे तिचं बोलणं पुरं झालं का? ती म्हणाली होती, मी शोधते. ती गेली. मी मांडून शोधला तर तो तिचा होईल का माझा? आणि तो इतका लांब आहे तर माझ्याच्यानं तरी होईल का? तिनं पाच-सहा वर्षांत एकशे चारपर्यंत केलं. मी पासष्टचा आहे. नातू रांगत दुरडीपाशी गेला आणि त्यानं जांभळी पोटली तोंडात घातली. सुनेनं काढून घेतली.

ते गेल्यावर मी एकशे आठ मांडला. मधले आकडे आधी तपासले, त्यांचे तुकडे कमीच भरतात, ते सोडून द्यायचे असतात. पोटल्या पुरेनात म्हणून पळसाच्या पानांचे द्रोण केले. दहा द्रोण झाले. बेरीज केली, सदतीस जास्त. छत्तीसचा आणि एकचा द्रोण उचलला, बरोबर बसला. मला एवढा आनंद झाला की मी धुरपताला हाक मारली.

बाजाराच्या दिवशी बाईंना सांगितलं. त्यांनी हळूच विचारलं, काका, सत्तावीसचा द्रोण कुठे आहे? सत्तावीसच्या चार ओळी होतात. तो मांडायचाच राहिला होता. बाई म्हणाल्या, उत्तर तेच येईल, पण परत करा. मी घरी येऊन अकरा द्रोण मांडले. आता चौसष्ट जास्त. चौपन्न, नऊ आणि एक असे तीन द्रोण उचलले, तेव्हा एकशे आठ राहिले. एका आकड्याला मला चार दुपारी लागल्या. चुकून बरोबर आलं होतं ते आणि बरोबर करून आलं ते, दोन्ही सारखंच दिसत होतं. धुरपताला असं कधी झालं होतं का, ते विचारायला कोणी नाही.

पदरातले चार चिंचोके मी वेगळे ठेवले आहेत. त्यांना कुठल्याच पोटलीत घालता येत नाही आणि टाकवतही नाही. माळ्यावरचा त्रेचाळीस पानांचा पुडा मुंशीनं एकदा मागितला होता. मी दिला नाही.

आयशाबाईंच्या वहीत आता एकशे आठपुढे खूण आहे. एकशे बारा मांडायचा राहिला आहे, आणि त्याच्या पुढचे सगळे. माळ्यावरच्या त्या पुड्यात सत्तावीस पानं घालायची राहिली आहेत. धुरपताला आमच्या सहा देवांत मिळवायचं राहिलं आहे.